मधलं पान

चौदा नंबरचं पान उघडलं तेव्हा तारा गजभियेने आधी स्वतःचं अक्षर ओळखलं, आणि मग त्या अक्षरात लिहिलेली नावं. तिने स्मरणिका मिटली, आजूबाजूला कोणी पाहत नाही ना याची खात्री केली आणि पुन्हा उघडली. नावं तिथेच होती. तिने मोजली. अकरा.

मनीषनगरातला तो हॉल अजून रिकामा होता. पावणेअकरा वाजले होते आणि कार्यक्रम बाराचा होता. ताराला कुठेही तासभर आधी पोचायची सवय होती, स्वतःच्या सत्कारालाही. स्टेजवर फलक लावला होता, ‘समाजसेविका सत्कार सोहळा’. त्यावर तिचा फोटो, दहा वर्षांपूर्वीचा. प्रत्येक खुर्चीवर एकेक स्मरणिका ठेवलेली. चकचकीत कागद, अठ्ठावीस पानं. बरोबर मध्यावर, चौदा-पंधरा या समोरासमोरच्या पानांवर तिची ओळख छापली होती. मथळा होता ‘वस्तीची माऊली’. आणि त्या मजकुरामागे, शोभेसाठी, तिच्या डायरीच्या पानाचा फोटो. जरा फिका केलेला. जरासाच.

तारा सिकलसेलचं काम करायची. उत्तर नागपुरातल्या तीन वस्त्या एकोणीस वर्षं तिच्याकडे होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणूस हाडं मोडल्यासारखा तळमळतो, तो हा आजार. ज्याला तो असतो त्याच्या नावापुढे ती डायरीत लाल ठिपका देई. जो फक्त वाहक असतो त्याला पिवळा. वाहकाला सहसा स्वतःला काही त्रास नसतो. दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न केलं, तर मात्र त्यांच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. शास्त्र एवढंच आहे आणि ते पाच मिनिटांत सांगून होतं. पण लग्नाच्या बैठकीत ‘सिकल’ हा शब्द निघाला की पाच मिनिटं थांबायला कोणी तयार नसतं. ठिपका पिवळा आहे की लाल, हेही कोणी विचारत नाही. मुलीकडचे चहाचे कप उचलतात आणि पाहुणे चपला घालतात.

म्हणून ताराची कामाची एक रीत होती. गल्लीत संस्थेची गाडी न्यायची नाही. हातात फाइल नाही, भाजीची पिशवी. रस्त्यात कोणी भेटलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. समोरची बोलली तरच बोलायचं. ज्या बाईच्या पोराला तिने मागच्या महिन्यात ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, सलाइन लागेपर्यंत त्याचे पाय चेपत बसली, तीच बाई मंगळवारच्या बाजारात तिच्या शेजारून परक्यासारखी निघून जायची. ताराला त्याचं वाईट वाटत नसे. तसं झालं म्हणजे आपलं काम नीट चाललंय, असंच ती धरून चालायची.

ऑफिसच्या रजिस्टरमध्ये फक्त नंबर असत. डायरीत मात्र नावं होती, कारण एकदा तिच्या हातून चूक झाली होती. एकाच गल्लीत दोन मीराबाई, आणि तिने एकीचा रिपोर्ट दुसरीला सांगितला. ती दुसरी बाई दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून तारा पूर्ण नाव लिहायची, घराची खूण लिहायची, काय बोलणं झालं ते लिहायची. डायरी कायम पिशवीत, भाजीच्या खाली. एकोणीस वर्षांत ती कोणाच्या हातात गेली नव्हती.

एकदा गेली. पंधरा दिवसांपूर्वी.

सत्कार करणाऱ्या मंडळाने स्मरणिकेसाठी नूपुर नावाच्या मुलीला पाठवलं होतं. मंडळाचे अध्यक्ष सुमंतराव, त्यांची ही पुतणी. तेवीस-चोवीस वर्षांची, चुणचुणीत. तासभर तिने मन लावून ऐकलं, चांगले प्रश्न विचारले. मग तारा एका घराची खूण पाहायला डायरी काढते तर ती म्हणाली, “ताई, किती सुंदर अक्षर आहे हो तुमचं!” एकोणीस वर्षांत ताराच्या कामातल्या कुठल्याही गोष्टीला कोणी सुंदर म्हटलं नव्हतं. “एक फोटो घेऊ? माझ्यापुरता. लिहिताना समोर राहील.” आणि तारा, जी तपासणीच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचल्याशिवाय बाटली खाली ठेवत नसे, ती म्हणाली होती, “घे.”

आता त्या ‘घे’च्या किती प्रती झाल्या होत्या ते खुर्च्यांवर दिसतच होतं. रागाने तिची कानशिलं तापली. कोणावर, ते तिला नीट वेगळं करता येईना. डाव्या पानावर वरून सातवी ओळ होती:

‘प्रीती शेंडे, पाण्याच्या टाकीमागे.’ मग पिवळा ठिपका. पुढे, ‘मुलगा (आर्यन) तपासला, ठीक. सासूला केव्हा सांगायचं ते ती ठरवेल.’

प्रीतीचं लग्न पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला होतं. याआधी तिचं दोनदा जमून मोडलं होतं. दोन्ही वेळा तिने पहिल्याच भेटीत मुलाच्या आईला खरं सांगितलं होतं. या वेळी तिने आधी आर्यनला सांगितलं, त्याला तपासणीला आणलं, आणि त्याच्या आईला सांगायला थोडा वेळ मागून घेतला. आर्यनची आई शोभाताई. बचत गटातली, अंगणवाडीत मदतनीस. आणि आज हॉल भरायला मंडळाने ज्या बचत गटाच्या बायकांसाठी बस पाठवली होती, तो गट हाच.

बस साडेअकराला यायची होती.

स्टेजमागच्या खोलीत सुमंतराव हार मोजत होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गोरेपान, बोलायला गोड. “या, या, सत्कारमूर्ती! चहा घेतला का? वसंता, ताईंना चहा दे रे.”

“सुमंतराव, या स्मरणिका वाटता येणार नाहीत,” तारा म्हणाली.

“म्हणजे?”

तिने चौदावं पान उघडून समोर धरलं. काय छापलंय ते चार वाक्यांत सांगितलं. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढत नसे, फक्त शब्द सुटे सुटे होत.

सुमंतरावांनी चष्मा वर केला. “अहो, हे पुसटसं बॅकग्राउंड आहे. कोण वाचतंय? लोक फोटो पाहतात.”

तारा वळली. वसंत कपबश्या घेऊन दारात उभा होता. तिने पानावर दोन्ही तळवे असे ठेवले की एका ओळीचा शेवटचा तुकडा तेवढा उघडा राहील. “वसंतभाऊ, एवढं वाचता का?”

वसंतने मान वाकडी केली. “बोअरवेलची गल्ली, हिरवा दरवाजा, सकाळी जाणे,” तो घडाघडा वाचून गेला. “कोनाच्या घरचं व्हय जी हे?”

“कोणाच्या नाही. झालं तुमचं.” तिने पान मिटलं आणि सुमंतरावांकडे पाहिलं. “चष्मा नाही त्यांना. तीन फुटांवरून वाचलं.”

सुमंतरावांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. गप्प राहायची त्यांना सवय नव्हती. “ताराताई, मी काय म्हणतो, तुमची भावना समजू शकतो. पण मला एक सांगा, लपवायचं कशाला? आजार म्हणजे काही पाप नाही. उलट हे समोर यायला हवं. त्या मुलीच्या सासूला कळायला नको? फसवणूकच नाही का ती?”

“तिच्या सासूला कळायला हवं. तिच्याकडून. तुमच्याकडून नाही, माझ्याकडूनसुद्धा नाही.”

“परिणाम तर एकच ना.”

“तुमच्या घरात कोणाला काय आहे सुमंतराव? शुगर? मूळव्याध? छापू पुढच्या अंकात? मी अक्षर चांगलं काढते.”

वसंतने चहा सांडला. दारात नूपुर येऊन उभी होती. तिने शेवटची दोन-तीन वाक्यं ऐकली असावीत. तिने ताराच्या हातातली स्मरणिका घेतली, पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. “काका, मी डिझायनरला नुसता टेक्स्चर म्हणून... मी वाचलंच नाही त्यात काय लिहिलंय. ताई, आईशपथ मी वाचलं नव्हतं.”

“ते दिसतंच आहे,” तारा म्हणाली. “वाचलं असतंस तर बरं झालं असतं.”

नूपुरच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडायचं नंतर. आधी इकडे पाहा.” ताराने स्मरणिका मध्ये उघडी केली. दोन्ही पिना मधल्या घडीवर दिसत होत्या. “तेरा, चौदा, पंधरा, सोळा. चारही पानं मिळून हा एकच कागद आहे, सगळ्यात आतला. असा धरायचा, पिनांवरून हलकेच ओढायचा. निघतो. बाकीची पुस्तिका तशीच राहते.” कागद निघून तिच्या हातात आला. “दहा सेकंद. तिघं असलो तर अर्ध्या तासाच्या आत सगळ्या होतात.”

“अहो, पण!” सुमंतराव खरोखर आत्ताच हलले. “तेराव्या पानावर माझं मनोगत आहे! आणि सोळाव्यावर बिल्डरची जाहिरात. ते प्रमुख पाहुणे आहेत. समोर बसणार आहेत ते. त्यांना काय सांगू?”

“सांगा छपाईत राहिलं.”

“आणि तुमची ओळख? ज्या कार्यक्रमात तुमचा सत्कार, त्याच्या स्मरणिकेत तुम्हीच नाही? हसतील लोक.”

“हसू द्या.”

“ताराताई, मंडळ दोन महिने खपलंय यासाठी. एवढा तुमचा सन्मान करतोय आम्ही, आणि तुम्ही...”

“सुमंतराव,” तारा म्हणाली, आणि तिच्या तोंडून घरची भाषा कधी सुटली ते तिलाही कळलं नाही, “तुम्ही माहा सन्मान करून राहिले का माह्या कामाचा सत्यानाश? मी अकरा घरी जाऊन म्हटलं, माह्यावर विश्वास ठेवा. त्या पोरींनी ठेवला. आता त्याहीची नावं तुम्ही खुर्चीखुर्चीवर मांडून ठेवली, आन वर मलेच शाल देता? हा कागद निघते, नाही तर मी आत्ता घरी जाते. मंग त्या शालीचं काय करायचं ते तुम्ही पाहा.”

नूपुर तोवर पहिल्या रांगेत जाऊन बसली होती आणि कागद ओढत होती.

तिघांनी काम केलं. वसंतने काही विचारलं नाही, नुसते हात चालवले. कागद पिनांवरून सुटताना बारीक फरकन आवाज व्हायचा, आणि तेवढाच आवाज हॉलमध्ये होता. सुमंतराव मधूनच येत, उभे राहत, जात. निघालेले कागद तारा पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून ठेवत होती, नावांची बाजू खाली. तिला तिथे दोनशे साठ वेळा स्वतःचा फोटो दिसला. त्याखाली ‘निःस्वार्थ’, ‘अखंड’, ‘पदरमोड’ असे शब्द. तिच्या ओळखीचा एकही शब्द नव्हता त्यात. ‘तपासणी’ नव्हता, ‘समुपदेशन’ नव्हता. ज्या बायकांची तिने एकोणीस वर्षं समजूत घातली, त्यांना ‘अडाणी भगिनी’ म्हटलं होतं.

शेवटचा गठ्ठा दहाचा झाला. तिने पुन्हा मोजले.

“नूपुर, किती छापल्या होत्या?”

“तीनशे.”

“इथे दोनशे साठ आहेत.”

नूपुरचा हात थांबला. “चाळीस... ताई, काल यमुताई आल्या होत्या बसचं विचारायला. काकांनी गठ्ठा त्यांच्याकडे दिला. बसमध्ये वाटायला. वाचत येतील म्हणून.”

यमुताई बचत गटाच्या अध्यक्ष. ताराने फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. बसमध्ये बायका गाणी म्हणत असणार. यमुताईंचा फोन ब्लाउजमध्ये, छोट्या पाकिटात, नेहमीसारखा. तिसऱ्यांदा लावत ती पायऱ्या उतरली तेव्हा फाटकातून बस आत येत होती.

बायका उतरल्या. ठेवणीतल्या साड्या, केसांत गजरे, आणि बहुतेकींच्या हातात स्मरणिका. ऊन चढलं होतं. काहीजणी त्यानेच वारा घेत होत्या. एकीने ती डोक्यावर धरली होती. यमुताई शेवटच्या पायरीवरून हाक मारत होती, “ताराबाई, काय गोरी दिसून राहिली वं फोटोत! पावडर लावली का त्याहीनं?” बायका हसल्या.

शोभाताई हसत नव्हती. ती बसच्या सावलीत, बाजूला उभी होती, आणि तिची स्मरणिका बरोबर मध्ये उघडी होती. तिच्या चार हात मागे प्रीती. रंगीत साडी नेसलेली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

तारा त्यांच्याकडे गेली. रीतीप्रमाणे गप्प उभी राहिली.

“ताई,” शोभाताई म्हणाली. अंगणवाडीत पोरांची नावं वाचायची तशी बोट ठेवून तिने वाचलं, “सासूले केव्हा सांगायचं ते ती ठरवेल.” बोट तिथेच ठेवून तिने वर पाहिलं. “सासू म्हनजे मीच ना?”

तारा त्या बोटाकडे पाहत राहिली.

“मी तुमालेच विचारून राहिली.”

“शोभाताई, मी कोणाबद्दलही कोणाला काही सांगत नाही. तुमच्याबद्दल कोणी विचारलं तरी सांगणार नाही.”

“अवं, सांगत नाही म्हनते! आन हे काय व्हय मंग?” तिने पान ताराच्या तोंडासमोर नाचवलं. “हे सांगनं नाही? ढोल वाजवनं व्हय हे!”

ताराजवळ शास्त्र होतं. पाच मिनिटांचं, नीट पाठ केलेलं, हजारदा सांगितलेलं. ते ओठांवर आलंही. “हे पाहा, पिवळा ठिपका म्हणजे...”

“तुमी काही बोलू नका,” प्रीती म्हणाली. ताराकडे न पाहता. ती पुढे आली, शोभाताईच्या समोर उभी राहिली. “आई, मले बोलू द्या.”

“तू मले आई म्हनू नको आत्ता.”

“बरं. नाही म्हणत.” प्रीतीने आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढल्या आणि तळहातावर ठेवल्या. “रक्ताच्या दोन बांगड्या राहतात प्रत्येकाजवळ. एक मायकडून येते, एक बापाकडून. माह्याजवळची एक वाकडी आहे आन एक चांगली. एक चांगली असली का माणूस चांगलाच राहते. मी धावते, नोकरी करते, मले काहीच नाही. आर्यनच्या दोनी चांगल्या आहेत. आमच्या लेकरांना त्याच्याकडून चांगलीच भेटेल. माह्याकडून कोणतीबी भेटो. तो आजार नाही होऊ शकत त्याहीले. तपासून पाह्यलं आम्ही.”

हे ताराचंच उदाहरण होतं. पण तारा ते सांगताना ‘शक्यता’ म्हणायची, ‘टक्के’ म्हणायची. प्रीतीने एकही टक्का न वापरता ते संपवलं.

शोभाताईने बांगड्यांकडे पाहिलं नाही. “आर्यनले माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“तुह्या मायले?”

“हो.”

“या बाईले?”

“हो.”

“साऱ्या दुनियेले माहीत. मलेच नाही. काहून? मी का खाऊन टाकली असती तुले?”

प्रीतीचा आवाज घट्ट होता. “पहिल्या दोघींना मीच सांगतलं होतं. पहिल्या भेटीत, हात जोडून. एकीनं पाणी पिलेला ग्लास तिथंच ठेवला आन उठली. दुसरी म्हणे, बरं झालं सांगतलं, आमचं नशीब. तिसऱ्यांदा हिंमत नाही झाली. दिवाळीनंतर सांगीन म्हटलं, संक्रांतीनंतर सांगीन म्हटलं. आज-उद्या सांगणारच होती. तेवढंबी नाही राहू दिलं माह्याजवळ.” आता तिने ताराकडे पाहिलं. “तुमी डायरी काहून दिली?”

अंगणात बायका नाश्त्याच्या टेबलाकडे निघाल्या होत्या. लाउडस्पीकरवर कोणी तरी ‘हॅलो, हॅलो’ करत होतं.

“तिने माझं अक्षर सुंदर आहे म्हटलं,” तारा म्हणाली. “मला बरं वाटलं. म्हणून दिली.”

यात आणखी काही घालता आलं असतं. वाचणार नाही असं वाटलं, तिच्यापुरताच फोटो म्हणाली, वगैरे. ते सगळं खरं होतं. तिने घातलं नाही.

प्रीतीने तिच्याकडे असं पाहिलं की ताराला खाली पाहावं लागलं.

शोभाताईने स्मरणिका मिटली. “ह्या किती आल्या गाडीत?”

“चाळीस,” तारा म्हणाली. “मधला कागद काढायचा आहे सगळ्यांतून. बाकीच्यांचीही नावं आहेत.”

“वाचली मी.” शोभाताईने पदर कमरेला खोचला. “अंगनवाडीत शिकोलं ना आमाले, नावं नाही बोलाची म्हनून. तुमाले नाही शिकोलं काय?” आणि उत्तराची वाट न पाहता ती वळली. “ए यमुताई! वं! ते बुकं परत घे साऱ्याईजवळून. छपाई चुकली म्हने. नवीन भेटनार हायेत आत.”

“कायची छपाई? चांगलं तं व्हय,” यमुताई म्हणाली.

“चुकली म्हनतो ना! आन पंखा करासाठी दिलं का ते? दे इकडं.”

बुकं परत आली. काही चहाने ओली, एक पोह्याच्या प्लेटखाली ठेवलेली. एकूण एकोणचाळीस. चाळिसावी ड्रायव्हरजवळ निघाली. त्याने ती काचेवर ऊन येऊ नये म्हणून लावली होती. कोणी किती वाचलं, ते कसं मोजणार? ताराने चेहरे पाहिले. काही बायका सरळ तिच्या नजरेत पाहत होत्या. दोघी-तिघी पाहत नव्हत्या. पाहत नव्हत्या त्यांनी वाचलं, की त्यांचंच नाव होतं? तेही विचारण्यासारखं नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिला स्टेजवर बसवलं.

घरी निघून जावं असं तिला दर मिनिटाला वाटत होतं. पण ती गेली असती तर दोनशे माणसांनी एकच प्रश्न विचारला असता, का गेली? आणि त्याचं उत्तर शोधायला लोक त्या निघालेल्या कागदापर्यंत पोचले असते. माइकवरून चार शब्द सुनावले असते तरी तेच झालं असतं. खुर्चीत बसून राहायचं, एवढंच तिच्या हातात होतं. हार आला. शाल आली. श्रीफळ आलं. बिल्डर पाहुण्यांनी स्मरणिका दोनदा चाळली आणि आपली जाहिरात न सापडल्यावर बाजूला ठेवली. सुमंतरावांना घाम आला होता, पण माइक हाती येताच त्यांचं रक्त परत वाहू लागलं.

“आज या सभागृहात,” ते म्हणाले, “ताराताईंच्या सेवेचा प्रत्यक्ष लाभ मिळालेल्या भगिनी बसल्या आहेत. माझी विनंती आहे, अशा सर्व भगिनींनी आपल्या जागी उभं राहून ताईंना मानवंदना द्यावी!”

ताराच्या हातातला नारळ निसटता निसटता राहिला. एवढं सांगून, एवढं दाखवून, या माणसाच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नव्हतं.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. एकही खुर्ची वाजली नाही. तारा प्रीतीकडे पाहत नव्हती, दुसऱ्या कोणाकडेही पाहत नव्हती. समोरच्या भिंतीवरच्या पंख्याकडे पाहत होती.

“लाजताहेत,” सुमंतराव हसले. “उठा, उठा! लाजायचं काय त्यात?”

चौथ्या रांगेतून यमुताई उठली. एकटीच. “साहेब, आमी काही त्या बाईले वळखत नाही जी. गाडी आली, बसलो, आलो. जेवन केव्हा हाये ते सांगा.”

सगळा हॉल हसला. बिल्डरही हसले. सुमंतरावांनी घाईघाईने माइक ताराच्या हाती दिला.

“धन्यवाद,” तारा म्हणाली, आणि माइक परत केला.

“किती हा साधेपणा!” सुमंतराव म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

जेवणं झाल्यावर बस सुरू होऊन उभी राहिली. तीनशे कागद ताराने स्वतःच्या दोन पिशव्यांत भरले होते. नूपुर त्या उचलायला आली, तर ताराने दिल्या नाहीत. “फोनमधला फोटो?” एवढंच विचारलं. नूपुरने फोन उघडून समोर धरला, फोटो पुसला, मग डिझायनरला फोन लावून त्याच्याकडचाही पुसायला सांगितला, ताराच्या समोर. ती गेली तेव्हा ताराला तिच्याशी चांगलं बोलायला हवं होतं, असं वाटलं. पण तिच्याने ते झालं नाही.

शोभाताई बसच्या दाराशी उभी होती. प्रीती तिच्या मागे, अजून चार हातांवर.

“लगन नऊ तारखेलेच होईन,” शोभाताई बसच्या पत्र्याकडे पाहत म्हणाली. हे ती कोणाला सांगत होती ते ठरवणं कठीण होतं. “पत्रिका वाटून झाल्या. पोरगी खोटं नाही बोलली, उशिरा बोलली. पन राग हाये मले. तो मी ठेवनार. वरीसभर तरी ठेवनार.” आणि ती वर चढून गेली.

प्रीती थांबली.

“बाकीच्या दहा घरी कोण सांगणार?” तिने विचारलं.

“मीच. आजच जाते आहे.”

“माहीत पडलं असेल काहीजणींना.”

“म्हणून आजच.”

प्रीतीने बसच्या खिडक्यांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माह्या नावाच्या वर जे नाव होतं ना, लाल ठिपक्याचं. ती माही मामेबहीण व्हय. रीना. आमी दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालो. तिचं मले माहीतच नव्हतं. हातपाय दुखतात म्हणायची, आम्ही तिले आळशी म्हणायचो. मी बी म्हणायची.” ती थांबली. “हे मले तिनं नाही सांगतलं. तुमच्या त्या बुकानं सांगतलं.”

ताराच्या हातातल्या पिशव्या एकदम जड झाल्या. सकाळपासून ती प्रीतीच्या ओळीचा विचार करत होती. तिच्या वरच्या ओळीचा तिने विचारच केला नव्हता.

“प्रीती...”

“तिच्या घरी गेल्या का सांगजा, नाव छापलं गेलं होतं म्हणून. सांगाच लागेल ते. पण मी वाचलं असं नका सांगू.” तिच्या डोळ्यांत नुसता जाळ होता. “मी फक्त माह्यं नाव पाह्यलं. बाकी मले काहीच दिसलं नाही. तिले वाटलं तं ती मले सांगन, नाही वाटलं तं नाही सांगनार. आन तुमच्यावरचा माहा राग वेगळा आहे, तो काही जात नाही इतक्यात.”

“नको जाऊ देऊ,” तारा म्हणाली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. प्रीती चढली आणि शोभाताईच्या शेजारची जागा रिकामी असूनही मागच्या बाकावर जाऊन बसली. बस फाटकाबाहेर वळली. ताराने शाल घडी करून कागदांवर ठेवली, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि ऑटो थांबवायला रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पहिलं घर बोअरवेलच्या गल्लीतलं होतं.